विमान कंपन्यांवर नजर कोण ठेवतं, आणि ती नजर कुठे कमी पडते?

आभाळवाट (धागाकर्ती)

विमान अपघात झाला की दोन दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: "यांची तपासणी होत नव्हती का?" अनेकदा उत्तर असतं की होत होती. परवाना चालू होता, ऑडिट झालेलं होतं, कागद जागच्या जागी होते. मग ही तपासणी म्हणजे नेमकं काय, ती कोण करतं, तिच्यात काय सापडतं आणि काय निसटतं, यावर नीट बोलता यावं म्हणून हा धागा काढतेय. मी बरीच वर्षं एका विमान कंपनीच्या क्वालिटी विभागात काम केलंय, म्हणजे ऑडिटला तोंड देणाऱ्या बाजूला. त्यामुळे या विषयाबद्दल मला मनापासून वाटतं.

आधी अधिकार कोणाचा ते बघू. डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारातून 'इकाओ' ही संघटना निघाली. मुख्यालय मॉन्ट्रियलला, सदस्य देश १९३. कराराला १९ परिशिष्टं आहेत. सहाव्यात विमानं कशी चालवायची, आठव्यात उड्डाणयोग्यता, तेराव्यात अपघाताचा तपास, आणि २०१३ मध्ये आलेल्या एकोणिसाव्यात सुरक्षा व्यवस्थापन. पण इकाओला एकही विमान थांबवता येत नाही. ती मानकं ठरवते. अंमलबजावणी करायची ती प्रत्येक देशाच्या नियामकाने. अमेरिकेत एफएए, भारतात डीजीसीए, युरोपात ईएएसए आणि तिथल्या देशांची आपापली प्राधिकरणं.

देखरेख पहिला प्रवासी चढायच्या आधीच सुरू होते. कंपनीला एअर ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे एओसी, लागतं. प्राथमिक बोलणी, औपचारिक अर्ज, मॅन्युअल्सची छाननी, प्रात्यक्षिकं आणि मग प्रमाणपत्र असे टप्पे असतात. छाननीत महिने जातात, कारण मॅन्युअलमधलं प्रत्येक वाक्य पुढे कंपनीला बांधून ठेवणारं असतं. प्रात्यक्षिकात केबिन क्रूला ठरलेल्या सेकंदांत दारं उघडून स्लाइड, म्हणजे बाहेर पडायची घसरगुंडी, फुगवून दाखवावी लागते. प्रवासी न घेता उड्डाणं होतात, आणि इन्स्पेक्टर मध्येच म्हणतो, "समजा, पुढचा विमानतळ बंद झाला. आता काय कराल?" उत्तर फक्त पायलटने द्यायचं नसतं. जमिनीवरच्या कंट्रोल रूमने काय केलं तेही तो बघतो.

याच वेळी नावानिशी माणसं ठरतात. उड्डाण, देखभाल, प्रशिक्षण आणि सुरक्षा या विभागांचे प्रमुख नियामकाला मान्य असावे लागतात. सगळ्यांच्या वर एक 'अकाउंटेबल मॅनेजर' असतो. "पैसे नव्हते म्हणून दुरुस्ती राहिली" असं त्याला म्हणता येत नाही, कारण पैसे मंजूर करायचा अधिकार त्याच्याकडे आहे म्हणूनच तो त्या जागी असतो. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत शहाणी तरतूद आहे.

त्यानंतर कायमची देखरेख. एप्रनवरची, म्हणजे विमानं उभी असतात तिथली, अचानक तपासणी, कॉकपिटमध्ये बसून केलेली उड्डाण-तपासणी, सिम्युलेटरमधल्या परीक्षांवर नजर, मुख्य तळाचं ऑडिट, देखभालीच्या नोंदींची नमुना-तपासणी. एफएएच्या नियमानुसार ओळखपत्र दाखवणाऱ्या इन्स्पेक्टरला कॉकपिटमध्ये विनाअडथळा प्रवेश द्यावाच लागतो. युरोपात पूर्ण देखरेखीचं चक्र सर्वसाधारणपणे २४ महिन्यांचं असतं. कंपनीची कामगिरी चांगली असेल तर ते ३६, आणि काही जादा अटी पाळल्या तर ४८ महिन्यांपर्यंत वाढतं. जिथे धोका जास्त तिथे जास्त वेळ द्यायचा, हे त्यामागचं सूत्र.

पण नुसत्या तपासण्या मोजून भागत नाही. ११ मे १९९६ ला व्हॅल्यूजेट या अमेरिकन कंपनीचं डीसी-९ विमान फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स दलदलीत कोसळलं, ११० माणसं गेली. देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराने जुने ऑक्सिजन जनरेटर सुरक्षा-टोप्या न लावता मालाच्या कप्प्यात पाठवले होते, त्यांनी पेट घेतला. कंपनी तीन वर्षांचीही नव्हती आणि झपाट्याने वाढत होती. त्या फेब्रुवारीतच एफएएमधल्या एका अंतर्गत टिपणात या कंपनीच्या प्रमाणपत्राची नव्याने तपासणी करण्याचा विचार व्हावा असं लिहिलेलं होतं. माहिती घरातच होती, ती निर्णय घेणाऱ्यापर्यंत वेळेत पोचली नाही. तपास यंत्रणेने कंत्राटदार आणि कंपनीसोबत एफएएलाही दोष दिला. त्यानंतर १९९८ पासून एफएएने मोठ्या कंपन्यांसाठी देखरेखीची पद्धत बदलली. सुटे दोष शोधण्याऐवजी 'ही कंपनी आपले दोष स्वतः शोधते का' हे तपासायला सुरुवात झाली.

बाकीचं चर्चेत. विचारा, खोडा, भर घाला.

---

टिपकागद

छान सुरुवात. एक प्रश्न. दोन उड्डाणांच्या मध्ये विमान जेमतेम पाऊण तास उभं असतं. तेवढ्यात इन्स्पेक्टरला काय दिसणार? नुसता उपचार तर होत नाही ना?

---

हँगर_दोन

यावर मी लिहितो, लाइन मेंटेनन्समध्ये, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या देखभालीत, आयुष्य गेलं माझं.

युरोपात परदेशी विमानांच्या रॅम्प तपासणीचा, म्हणजे विमानतळावर उभं असतानाच विमान तपासायचा, कार्यक्रम १९९६ पासून आहे, 'साफा' म्हणतात. तपासणी-यादीत ५३ बाबी आहेत. दर वेळी सगळ्या बघतात असं नाही. वेळ बघून निवडतात आणि शक्यतो उड्डाणाला उशीर होऊ देत नाहीत. दोन इन्स्पेक्टर आले की साधारण एक वर जातो, एक खाली.

खालचा विमानाभोवती फेरी मारतो. टायरचे खाचे, कुठे कापलंय का, आतला धाग्याचा थर दिसतोय का. ब्रेकला एक छोटी पिन असते, ब्रेक झिजत जातो तशी ती आत जाते. पार्किंग ब्रेक लावलेला असताना ती किती बाहेर आहे हे वाकून बघायला काही सेकंद लागतात. पंखांच्या टोकांना स्थिर वीज सोडणाऱ्या बारीक काड्या असतात, त्यातल्या किती गळाल्यात. पॅनेलचे स्क्रू जागेवर आहेत का. इंजिनाखाली तेल दिसलं की नवशिके घाबरतात, पण गळती दिसली म्हणजे दोष झालाच असं नाही. मॅन्युअलमध्ये मिनिटाला किती थेंब चालतात ते लिहिलेलं असतं. इन्स्पेक्टर विचारतो, "मोजलंत का, आणि कुठे नोंदवलंत?" मालाच्या कप्प्यात जाळ्या आणि पट्टे नीट बांधलेत का हेही बघतात. माल उड्डाणात सरकला तर विमानाचा तोल जातो.

वरचा कॉकपिटमध्ये. लायसन्स, मेडिकल, नकाशे आणि डेटाबेस चालू तारखेचे आहेत का, वजन-तोलाचा कागद, इंधनाचा हिशोब, टॉर्च पेटतो का. ज्या पायलटच्या मेडिकलमध्ये चश्म्याची अट आहे त्याच्याकडे जादा चश्मा आहे का, हेही विचारतात.

पण खरा अनुभवी इन्स्पेक्टर आधी टेक लॉग, म्हणजे विमानातल्या दोषांची आणि दुरुस्त्यांची वही, मागतो. विमानातली काही उपकरणं बिघडलेली असताना ठरावीक मुदत उडायला परवानगी असते. त्या यादीला एमईएल म्हणतात. 'बी' गटाला ३ दिवस, 'सी' ला १०, 'डी' ला १२०. इन्स्पेक्टर दोष उघडला ती तारीख आणि आजची तारीख ताडून बघतो. मग मागची पानं उलटतो. एकच तक्रार चार-पाच उड्डाणांत परत परत, आणि प्रत्येक वेळी पुढे "तपासले, ठीक आढळले" एवढंच लिहिलेलं असेल, तर तो तिथेच थांबतो. सुटा भाग न बदलता नुसती सही करून विमान सोडलं जातंय का, हे त्या एका पानावरून कळतं. उपचार म्हणून केलेली तपासणी आणि खरी तपासणी यातला फरक मी तिथेच पाहिलाय.

सापडलेल्या गोष्टींचे तीन वर्ग असतात. पहिला किरकोळ, क्रूला सांगून सोडतात. दुसरा महत्त्वाचा, कंपनीला आणि तिच्या देशाच्या नियामकाला लेखी जातो. तिसरा गंभीर. त्यात दुरुस्ती केल्याशिवाय विमान हलत नाही, नाहीतर निर्बंध घालून सोडतात.

---

टिपकागद

धन्यवाद, इतकं बारीक उत्तर अपेक्षित नव्हतं. म्हणजे एका विमानात सापडलेल्या दोषापेक्षा अनेक तपासण्यांचा एकत्र हिशोब जास्त उपयोगाचा?

---

हँगर_दोन

अगदी. युरोपातल्या सगळ्या तपासण्यांचे निकाल एका सामाईक डेटाबेसमध्ये जातात. एका कंपनीची विमानं तीन वेगवेगळ्या देशांत टायरसाठीच सापडू लागली, तर दोष त्या टायरचा उरत नाही. तो कंपनीच्या सुट्या भागांच्या पुरवठ्याचा नाहीतर पैशाचा असतो.

---

नीरक्षीर

सगळं खरं, पण मूळ दुखण्याकडे वळू. नियामक स्वतःच कंपनीला सवलत देतो तेव्हा काय?

अलास्का एअरलाइन्स २६१, ३१ जानेवारी २०००. शेपटीतला आडवा पंख वरखाली करणारा जॅकस्क्रू वंगणाअभावी झिजला, त्याचे आटे गेले, ८८ माणसं समुद्रात. कंपनीने वंगण घालण्याचा आणि झीज मोजण्याचा कालावधी टप्प्याटप्प्याने वाढवत नेला होता, आणि प्रत्येक वाढीला नियामकाची परवानगी होती. तपास अहवालाने ही मंजुरीसुद्धा कारणांमध्ये धरली. लपवाछपवी करावीच लागली नाही. एकेक वाढ सुटी बघितली तर समंजस वाटते, सगळ्या एकत्र मिळून काय होतं हे कुणी बघितलं नाही.

दुसरं साउथवेस्ट एअरलाइन्सचं. २००८ मध्ये उघड झालं की बोइंग ७३७ प्रकारची ४६ विमानं बाह्य आवरणाला तडे गेलेत का ही सक्तीची तपासणी न करता हजारो उड्डाणं करत राहिली. कंपनीने चूक स्वतःहून कळवली, आणि कळवल्यावरही ती विमानं काही दिवस उडत होती. एफएएच्या पर्यवेक्षकाला हे माहीत होतं. कंपनीच्या बाजूने नियमपालन बघणारा माणूस पूर्वी एफएएतच होता. हे बाहेर काढलं एफएएच्याच दोन इन्स्पेक्टरांनी, स्वतःची नोकरी पणाला लावून, अमेरिकन संसदेसमोर साक्ष देऊन. प्रस्तावित दंड १ कोटी २ लाख डॉलर होता, तडजोड ७५ लाखांवर झाली.

माझं म्हणणं एवढंच की इन्स्पेक्टर आणि कंपनी वर्षानुवर्षं एकाच टेबलावर बसले की नजर मऊ होते. त्यावर उपाय काय?

---

आभाळवाट

नीरक्षीर, ही दोन उदाहरणं प्रत्येक क्वालिटी विभागात शिकवायला हवीत.

उपाय काही प्रमाणात झाले. २०११ मध्ये एफएएने नियम केला की जो इन्स्पेक्टर एखाद्या कंपनीवर देखरेख करत होता, त्याला नोकरी सोडल्यावर दोन वर्षं त्या कंपनीतर्फे एफएएसमोर उभं राहता येणार नाही. इन्स्पेक्टर बदलत ठेवणं हा दुसरा उपाय, पण त्याची किंमत मोजावी लागते. एखादी कंपनी आतून समजायलाच वर्ष-दीड वर्ष जातं. दर दोन वर्षांनी नवा माणूस आला तर त्याला जुने धागे लागत नाहीत, आणि कंपनीतली हुशार माणसं याचा फायदा घेतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्या विभागाबद्दल आम्हालाच काळजी होती तिथे नवा इन्स्पेक्टर पोचायच्या आतच त्याचा दिवस संपायचा.

माझं मत असं की फिरवाफिरवीपेक्षा एका गोष्टीने जास्त फरक पडतो: इन्स्पेक्टरने लिहिलेलं फाइंडिंग, म्हणजे तपासणीत नोंदवलेला दोष, त्याच्या साहेबाला एकट्याने, लेखी कारणाशिवाय बंद करता येऊ नये. साउथवेस्टच्या प्रकरणात इन्स्पेक्टरांना चूक दिसली होती. ती वरच्या पायरीवर अडली.

---

पाऊलवाट

वाचतोय. 'फाइंडिंग बंद करणं' म्हणजे काय? कंपनीने दुरुस्त केलं म्हटलं की झालं का?

---

आभाळवाट

तसं होता कामा नये. रॅम्प तपासणीचे तीन वर्ग वेगळे, कंपनीच्या ऑडिटला युरोपच्या पद्धतीत दोन पातळ्या असतात. लेव्हल एक म्हणजे सुरक्षिततेला थेट धक्का, यावर तातडीने कारवाई. प्रमाणपत्र पूर्ण किंवा काही भागापुरतं निलंबित होऊ शकतं. लेव्हल दोन म्हणजे नियम मोडलाय, धोका होऊ शकतो. त्याला सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त तीन महिने. भारतातही लेव्हल एक आणि दोन अशीच विभागणी आहे.

कंपनी उत्तर देते त्यात तीन गोष्टी लागतात: लगेच काय केलं, मूळ कारण काय, ते परत होऊ नये म्हणून काय बदललं. मूळ कारणाच्या रकान्यात "कर्मचाऱ्याचे दुर्लक्ष, समज दिली" असं लिहिलेलं उत्तर मी इन्स्पेक्टर असते तर वाचताक्षणी परत पाठवलं असतं. दुर्लक्ष का झालं? रात्रपाळीला माणसं किती होती? टूल मिळायला किती वेळ लागत होता? कामाच्या सूचना-कार्डवर पायरी स्पष्ट लिहिली होती का? उत्तर इथे असतं. आणि मग काही महिन्यांनी जाऊन बघायचं असतं की बदल टिकलाय का. हा शेवटचा फेरा वेळेअभावी सर्वांत आधी गळतो.

---

काजवा

मी केबिन क्रू होते, आता ट्रेनिंगमध्ये आहे. आमच्याकडे इन्स्पेक्टर प्रवासी म्हणून बसून येतात किंवा चढताना ओळख देतात. बोर्डिंगआधी तोंडी प्रश्न: धुरापासून वाचवणारा हूड या भागात कुठे, त्याचं सील कसं तपासतेस, अग्निशामकाचा काटा कुठे असायला हवा, हे दार हाताने उघडायचं झालं तर कसं. मग आपत्कालीन दाराशेजारी बसलेल्या प्रवाशांना खरंच समजावून सांगितलं का, टेकऑफआधी ट्रॉल्यांच्या कड्या लागल्यात का.

हे सगळं क्रूला पाठ असतं. इन्स्पेक्टरला दिसत नाही तो थकवा. माझ्या आधीच्या कंपनीत थकव्याचा रिपोर्ट भरता येत होता, फॉर्मही होता. पण भरला की दुसऱ्या दिवशी ड्यूट्या लावणाऱ्या रोस्टर विभागातून फोन यायचा: "नेमकं काय झालं होतं? आधी का नाही सांगितलंस?" आवाज गोड असायचा. हळूहळू मुलींनी फॉर्म भरणं सोडलं. ऑडिटमध्ये थकव्याचे रिपोर्ट जवळजवळ शून्य दिसले आणि ते चांगलं लक्षण मानलं गेलं. ही गोष्ट अजून मला छळते.

---

आभाळवाट

काजवा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. हजारो उड्डाणं करणाऱ्या कंपनीत थकव्याचे शून्य रिपोर्ट हेच खरं तर फाइंडिंग आहे. चांगला इन्स्पेक्टर विचारतो, "तुमच्याकडे रिपोर्ट का येत नाहीत?" आणि मग क्रूला व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत भेटतो.

रिपोर्टिंगमागचा इतिहास सांगते. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळलं. काही आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीच्या पायलटांची तिथेच तशीच गफलत झाली होती आणि ते थोडक्यात वाचले होते. त्यांच्या कंपनीने आपल्या पायलटांना सावध केलं, पण ती सूचना टीडब्ल्यूएपर्यंत पोचायची काही सोय नव्हती. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत एएसआरएस, म्हणजे चुका आणि धोके स्वतःहून कळवायची व्यवस्था, सुरू झालं. रिपोर्ट नियामकाकडे न जाता नासाकडे जातो, नाव काढून टाकलं जातं. जाणूनबुजून केलेलं किंवा गुन्हेगारी कृत्य नसेल आणि रिपोर्ट दहा दिवसांत दिला असेल, तर सहसा दंड किंवा निलंबन होत नाही. रिपोर्ट घेणारा आणि शिक्षा करणारा वेगळे ठेवले म्हणून लोकांनी विश्वास टाकला.

---

गारवा

पण मग चुका करणाऱ्याला मोकळं सोडायचं का? दारू पिऊन आलेल्या पायलटला पण?

---

आभाळवाट

मुळीच नाही. 'जस्ट कल्चर' म्हणतात त्यात रेषा स्पष्ट आहे. प्रामाणिक चूक, जी त्या परिस्थितीत दुसऱ्या कुणाकडूनही झाली असती, तिला शिक्षा नाही. बेपर्वाई, जाणूनबुजून नियम मोडणं, नशा, खोट्या नोंदी यांना माफी नाही. दारूच्या मर्यादा देशागणिक वेगळ्या आहेत. एफएएचा नियम उड्डाणाआधी किमान ८ तास आणि रक्तात ०.०४ टक्क्यांच्या खाली असा आहे. भारतात १२ तास आणि मर्यादा शून्य. एफएएने २०१५ पासून हाच विचार धोरण म्हणून लिहून ठेवला: जो दुरुस्त करायला तयार आहे आणि करू शकतो त्याच्याशी दुरुस्तीची भाषा, जो तयार नाही त्याच्यावर कायदेशीर कारवाई.

---

हँगर_दोन

रिपोर्ट कुणी दिला नाही तरी विमान बोलतं, हेही सांगायला हवं. २७,००० किलोपेक्षा जास्त टेकऑफ वजनाच्या विमानांसाठी फ्लाइट डेटाचं नियमित विश्लेषण इकाओने बंधनकारक केलंय. ब्लॅक बॉक्स अपघातानंतर उघडतात, हा डेटा रोजच्या उड्डाणांचा. उतरताना वेग जास्त होता का, धावपट्टीला चाकं किती जोरात टेकली, हजार फुटांवर विमान स्थिर नसतानाही उतरणं चालू ठेवलं का. नियामकाने यात एकेका पायलटचं नाव शोधायचं नसतं. ठरावीक विमानतळावर अस्थिर उतरणं वाढतंय का, आणि कंपनीने त्यावर काय केलं, हे विचारायचं असतं. नावं शोधायला लागलात की काजवा म्हणतात तसं होतं, माणसं गप्प होतात.

---

जिज्ञासू

जुनी विमानं वापरणाऱ्या कंपन्यांवर जास्त नजर असते का? मला जुनं विमान दिसलं की धास्ती वाटते.

---

हँगर_दोन

वयापेक्षा किती वेळा हवेत जाऊन खाली आलं, म्हणजे सायकल्स, ते महत्त्वाचं. २८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या २४३ क्रमांकाच्या उड्डाणात विमानाचं छत हवेत उडालं. ते ७३७ विमान १९ वर्षांचं होतं, पण बेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे ८९,६८० सायकल्स झाल्या होत्या. त्यानंतर जुन्या विमानांच्या आवरणाच्या तपासण्या कडक झाल्या. नीरक्षीर यांनी साउथवेस्टची जी चुकलेली तपासणी सांगितली तीही अशाच तड्यांसाठी होती. नीट देखभाल झालेलं जुनं विमान मला नव्या पण हेळसांड झालेल्या विमानापेक्षा कधीही चालेल.

---

पाऊलवाट

आता मुख्य प्रश्न. नियामकावर नजर कोण ठेवतं?

---

आभाळवाट

याच प्रश्नाची वाट बघत होते.

इकाओने १९९९ पासून देशांची सक्तीची ऑडिट सुरू केली. त्याला यूएसओएपी म्हणतात. २०१३ पासून ती सतत चालणारी व्यवस्था झाली. यात विमान कंपनी तपासत नाहीत, देशाची देखरेख-क्षमता तपासतात. मूळ कायदा आहे का, नियम आहेत का, नियामकाला स्वतंत्र अधिकार आहेत का, प्रशिक्षित माणसं आहेत का, इन्स्पेक्टरला मार्गदर्शक साधनं आहेत का, परवाने नीट देतात का, देखरेख होते का, आणि सापडलेल्या दोषांचा निकाल लागतो का. एखाद्या देशाने परवाने नीट न बघता दिलेत असं आढळलं की गंभीर चिंतेचा शेरा पडतो, बातम्यांमध्ये त्याला 'रेड फ्लॅग' म्हणतात. थायलंडवर तो २०१५ मध्ये पडला आणि २०१७ मध्ये निघाला. तिथे बऱ्याच कंपन्यांचे एओसी नव्याने तपासावे लागले.

अमेरिकेची स्वतःची पद्धत आहे. जानेवारी १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या अवियांका कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान इंधन संपून कोसळलं. त्यानंतर १९९२ मध्ये एफएएने परदेशी नियामकांचं मूल्यमापन सुरू केलं. कॅटेगरी एक म्हणजे इकाओच्या मानकांना धरून, दोन म्हणजे नाही. दोनमध्ये गेलात की अमेरिकेची चालू उड्डाणं राहतात, नवी सुरू करता येत नाहीत, आणि अमेरिकन कंपन्या तुमच्या विमानांवर आपला कोड लावू शकत नाहीत, म्हणजे तुमच्या उड्डाणांची तिकिटं आपल्या नावाने विकू शकत नाहीत. भारत ३१ जानेवारी २०१४ ला दोनमध्ये गेला आणि एप्रिल २०१५ मध्ये परत एकमध्ये आला. मुख्य कारणांपैकी एक होतं प्रशिक्षित पूर्णवेळ फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टरांची कमतरता.

इथे जरा थांबते, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे. मोठ्या विमानाच्या कॅप्टनला तपासायला तितक्याच अनुभवाचा पायलट लागतो. त्याला कंपनीत जेवढा पगार मिळतो तेवढा बहुतेक सरकारी नियामक देऊ शकत नाहीत. मग पदं रिकामी राहतात, किंवा कंपन्यांचेच पायलट काही काळ उसने घेतले जातात, आणि ते परत त्याच उद्योगात जाणार असतात. कायदे कितीही चांगले असोत, कॉकपिटच्या मागच्या सीटवर बसणारा माणूस नसेल तर ते कागदावरच राहतात.

युरोपचा रस्ता तिसरा. जानेवारी २००४ मध्ये फ्लॅश एअरलाइन्सचं विमान इजिप्तमधल्या शर्म-अल-शेखहून निघून समुद्रात कोसळलं, १४८ जण गेले, बहुतेक फ्रेंच पर्यटक. काही काळापूर्वीच स्वित्झर्लंडने या कंपनीला आपल्याकडे यायला बंदी केली होती, पण हे प्रवाशांना माहीतच नव्हतं. मार्च २००६ पासून युरोपियन संघ बंदी असलेल्या कंपन्यांची यादी जाहीर करतो. नियामकच भरवशाचा वाटला नाही तर त्या देशाच्या सगळ्याच कंपन्या यादीत जातात. इंडोनेशियाच्या सगळ्या कंपन्या २००७ मध्ये गेल्या, गरुडा आणि आणखी काही २००९ मध्ये सुटल्या, उरलेल्या शेवटच्या २०१८ मध्ये.

---

नीरक्षीर

माणसांच्या कमतरतेबद्दल सहमत. त्यात मी थांबवण्याचा अधिकारही जोडतो. नोव्हेंबर २०१६, बोलिव्हियातली लामिया कंपनी, कोलंबियातल्या मेडेयीनजवळ इंधन संपून अपघात, ७७ पैकी ७१ मृत्यू. निघताना बोलिव्हियातल्या सांताक्रूझ विमानतळावर दिलेल्या फ्लाइट प्लॅनमध्ये प्रवासाचा वेळ ४ तास २२ मिनिटं आणि इंधन पुरेल तो वेळही ४ तास २२ मिनिटं लिहिला होता. दोन आकडे, एकाच कागदावर. राखीव इंधन शून्य. तिथल्या कर्मचारी बाईंच्या ते लक्षात आलं, त्यांनी हरकत घेतली, कंपनीच्या माणसाने "भागेल तेवढ्यात" म्हणून प्लॅन पुढे रेटला, आणि विमान उडालं. ज्याला चूक दिसते त्याच्या हातात विमान रोखायचं बळ नसेल तर दिसून उपयोग काय?

---

काजवा

हे वाचून अंगावर काटा आला. त्या बाईंनी बोलून दाखवलं हेच केवढं धैर्य.

---

टिपकागद

दोन व्यावहारिक प्रश्न. आयओसा ही पण सरकारी तपासणी आहे का? आणि सामान्य प्रवाशाला तिकीट काढताना यातलं काय बघता येतं?

---

आभाळवाट

आयओसा सरकारी नाही. आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना, तिने २००३ मध्ये सुरू केलेलं ऑडिट आहे ते. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, आणि आयाटाच्या सदस्यत्वासाठी आवश्यक. चांगल्या दर्जाचं असतं, पण त्याने नियामकाची जबाबदारी संपत नाही.

प्रवाशाला बघता येईल ते असं. युरोपची बंदीची यादी कुणालाही वाचता येते, आणि ती युरोपला न जाणाऱ्यांनाही उपयोगी आहे. एफएएची देशवार वर्गवारी जाहीर असते. इकाओच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशाच्या ऑडिटचे गुण विभागवार दिसतात. त्यात उड्डाण आणि उड्डाणयोग्यता हे दोन विभाग जरूर बघा. आयओसाची नोंदवहीही खुली आहे. रॅम्प तपासणीचे कंपनीवार निकाल मात्र जाहीर होत नाहीत. ते एकत्रित स्वरूपात तरी व्हावेत असं मला वाटतं.

---

हँगर_दोन

एक भर. तिकिटावर ज्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं तिचंच विमान असेल असं नाही. कोडशेअर असतं, कधी विमान क्रूसकट भाड्याने घेतलेलं असतं. अशा वेळी सर्वसाधारणपणे ज्या कंपनीच्या एओसीवर ते उडतं तिच्या देशाचा नियामक जबाबदार असतो. बुकिंग करताना बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय' असं लिहिलेलं असतं. वरच्या सगळ्या याद्यांमध्ये ते नाव शोधा.